प्रोटॉन किरणोपचार : संकल्पना आणि उपचार यांमधील अंतर

१९४६ मध्ये मांडल्या गेलेल्या प्रोटॉन किरणोपचाराच्या संकल्पनेला रुग्णालयात स्थान मिळण्यास चार दशकांहून अधिक काळ का लागला, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. यंत्रे नव्हती, हे नेहमीचे उत्तर होय. ते अपुरे आहे.

क्ष-किरण अर्बुदापलीकडील निरोगी ऊतींनाही इजा करीत जातात. प्रोटॉन मात्र थांबण्याच्या बेतात असताना सर्वाधिक ऊर्जा देतो. त्यापुढे जवळपास काहीच पोहोचत नाही. ब्रॅग यांनी अल्फा कणांबाबत हा विशेष विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदविला होता. त्याचा वैद्यकीय अर्थ उमगला तो रॉबर्ट विल्सन यांना, हार्वर्डच्या नियोजित सायक्लोट्रॉनच्या संरक्षक आवरणाचे गणित मांडताना. युद्धकाळात ते लॉस अलामॉस येथे होते, म्हणून या लेखाला अणुबॉम्बचे प्रायश्चित्त ठरविण्याचा मोह होतो. लेख मात्र निव्वळ पदार्थविज्ञानाच्या भाषेत बोलतो. कार्बनसारख्या जड केंद्रकांची शक्यताही त्यात नमूद आहे.

१९५४ मध्ये बर्कली येथे पहिले रुग्ण उपचारास घेतले गेले. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या या रुग्णांच्या पीयूषिका ग्रंथीवर, संप्रेरके रोखण्यासाठी, प्रोटॉनचा मारा करण्यात आला. हीच ग्रंथी का? कवटीच्या हाडांच्या आधारे तिचे स्थान साध्या क्ष-किरण चित्रावरून ठरविता येई. विशेष म्हणजे ज्या गुणासाठी प्रोटॉन हवा होता, तो गुण तेथे वापरलाच गेला नाही. शलाका डोक्यातून आरपार जाऊ देऊन निरनिराळ्या दिशांनी ग्रंथीवर एकवटली गेली.

अर्थात यंत्र होते. अर्बुद नेमके कोठे आहे, याचे ज्ञान नव्हते. काही मिलिमीटरची चूक झाली तरी अर्बुदाचा काही भाग मात्रेविना राहतो. सत्तरच्या दशकात सीटी स्कॅन आल्यावरच ही अडचण सरली. तोपर्यंत उपचार भौतिकीच्या प्रयोगशाळांतच होत राहिले. हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर १९६१ ते २००२ या काळात नऊ हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे रुग्णालयातील केंद्र उघडले. त्याचा त्वरक, विल्सन ज्या फर्मीलॅबचे पहिले संचालक होते, तेथेच तयार झाला. जपानमधील चिबा येथे १९९४ पासून कार्बन आयनांचा वापर सुरू झाला.

भारतात चेन्नईच्या खासगी केंद्रानंतर (२०१९) नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राने २०२३ मध्ये ही सेवा आरंभिली. वाढत्या वयातील मुलांच्या मेंदूतील अर्बुदांसाठी हा उपचार विशेष मोलाचा मानला जातो. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात मात्र २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकी तुलनात्मक चाचणीत आधुनिक क्ष-किरणोपचारापेक्षा आतड्यांच्या कार्यात सरसपणा आढळला नाही. म्हणून खारघरच्या सार्वजनिक केंद्रात मर्यादित जागा प्रथम कोणत्या रुग्णांना द्याव्यात, हा प्रश्न आता यंत्राइतकाच महत्त्वाचा झाला आहे.