लाडक्या खेळण्याची कुळकथा

टेडी बेअरची कथा नेहमी एका शिकारीपासून सांगितली जाते. नोव्हेंबर १९०२मध्ये मिसिसिपीत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये व्यंगचित्र काढलं आणि ते पाहून ब्रुकलिनचे दुकानदार मॉरिस मिक्टम यांनी ‘टेडी’चं, म्हणजे थिओडोरचं, अस्वल विकायला ठेवलं. पण शिकारीतलं अस्वल पूर्ण वाढलेलं आणि घायाळ होतं. बेरीमन यांनी पुढच्या चित्रांत त्याचं गोल कानांचं, भेदरलेलं पिल्लू करून टाकलं. म्हणजे कुशीत घ्यावंसं वाटणारं अस्वल आधी कागदावर जन्मलं. जर्मनीत मार्गारेट श्टाइफ यांनी १८८०मध्ये शिवलेला हत्ती तर टाचण्या खोचण्यासाठी होता. त्याचं खेळणं केलं ते मुलांनी. वस्तू कोणीही घडवो, तिला लाडकं करतं ते मूलच.

हे चित्रपुस्तकांनी नेमकं ओळखलं. शर्ली ह्यूज यांच्या ‘डॉगर’मध्ये (१९७७) डेव्हचा कापडी कुत्रा हरवतो आणि शाळेच्या जत्रेत विक्रीला मांडलेला सापडतो. पण तोवर दुसऱ्याच मुलीने तो विकत घेतलेला असतो. तेव्हा डेव्हची बहीण बेला, बक्षीस मिळालेलं मोठं कोरं अस्वल देऊन तो सोडवून आणते. एक कान उभा, एक पडलेला, लव झिजलेली असा हा डॉगर चित्रांत मुद्दाम जुनाट दिसतो, कारण त्याची किंमत त्या झिजेतच आहे. बालमानसतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३च्या निबंधात हेच मांडलं होतं: असं खेळणं मळलं, त्याला वास आला तरी शहाणी आई ते धूत नाही.

कोणी म्हणेल, ही ओढ बाजाराने लावली. तसं असतं तर हुबेहूब दुसरं मिळाल्यावर मूल खूश झालं असतं. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तूची ‘नक्कल’ काढणारी पेटी दाखवली. लाडक्या खेळण्याच्या बाबतीत बहुतेकांनी मूळचंच परत मागितलं. दुसरा आक्षेप, ही ओढ मुलांना वेगळं झोपवणाऱ्या समाजांतली. आईशेजारी झोपणाऱ्या मुलांत अशी खेळणी कमी आढळतात, हे खरं. पण विनिकॉट यांनी पांघरुणाचं टोकही याच वस्तूंत धरलं होतं. आपल्याकडे गोधडीचा कोपरा मुठीत धरल्याशिवाय न झोपणारी मुलं आहेतच. म्हणून घर आवरताना फाटकं खेळणं मुलाला न विचारता टाकू नये. नवं आणून ती भरपाई होत नाही.