लोकल फंड, मुष्टिफंड आणि दोन टक्के

दात्याची स्तुती आणि याचकाची दीनता या दोन विषयांवर आपल्या वाङ्मयात पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु दिलेल्या द्रव्याचा विनियोग कोणी ठरवावा, या तिसऱ्या प्रश्नाकडे आपले लक्ष त्या मानाने थोडेच गेले. वास्तविक पाहता शाळा, वाचनालये, दवाखाने आणि लोकोपयोगी संस्था यांचे आयुष्य देणगीच्या आकड्यापेक्षा या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच अधिक अवलंबून असते. हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने ठाणे-बेलापूर रस्त्यावरील रबाळे या गावाचे उदाहरण घ्यावे.

रबाळे हे ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेकडील पट्टीतले गाव. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर या पट्टीतील आगरी व कोळी कुटुंबांची उपजीविका पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. सन १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याने या पट्टीत मोठी औद्योगिक वसाहत वसविली. सन १९७० मध्ये सिडको आली, तिच्यामागून नवी मुंबई आली, आणि १९९२ च्या प्रारंभी महानगरपालिकाही आली. आज रबाळ्यात एका बाजूस कारखाने व कचेऱ्या, दुसऱ्या बाजूस जुने गावठाण, आणि या दोहोंच्या आसपास देशाच्या नाना भागांतून पोटासाठी आलेल्या कामगारांच्या वस्त्या, असा देखावा आहे. अशा ठिकाणी शाळेला मदत कोणी करावी, आणि कोणाच्या विचाराने करावी? उत्तरासाठी आपणांस थोडे मागे गेले पाहिजे.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात सन १८६३ च्या सुमारास जमीनसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा असा जादा कर बसविण्यात आला. १८६९ च्या कायद्याने त्यास पक्के स्वरूप आले. यासच लोक ‘लोकल फंड’ म्हणू लागले. या एका आण्यापैकी दोन तृतीयांश भाग रस्ते वगैरे कामांकडे व एक तृतीयांश भाग, म्हणजे रुपयामागे चार पै, शिक्षणाकडे जावयाचा होता. ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यासही हा कर चुकला नव्हता. योजना कागदावर निर्दोष दिसे: गावाने द्यावे आणि गावानेच शिकावे.

परंतु देणारा एक आणि ठरविणारा दुसरा, ही तिच्यातील मूळचीच खोट होती. सन १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले त्यात त्यांनी या खोटीवर नेमके बोट ठेवले. शिक्षणाच्या नावाने शेतकऱ्यांकडून घेतलेला पैसा त्या कामी पुरता खर्च होत नाही; इलाख्यातील सुमारे नऊ दशांश गावे आणि त्यांतील जवळजवळ दहा लक्ष मुले प्राथमिक शिक्षणाच्या सोयीवाचून आहेत; आणि सरकारी तिजोरीतील द्रव्य वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडेच वाहते, असे त्यांचे म्हणणे होते. जोतीरावांच्या त्या निवेदनास आता एक शतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्यातील मुद्दा शिळा झालेला नाही. पैसा गावाच्या नावाने गोळा झाला एवढ्याने तो गावाचा होत नाही. त्याच्या हिशेबाच्या वहीजवळ गावाचा मनुष्य बसला पाहिजे. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे निघाली आणि त्यांत काही लोकनियुक्त सभासद आले, हे या दिशेने पडलेले पहिले पाऊल होय. परंतु ते लहान होते, आणि शेतात राबणाऱ्याचा हात त्या वहीपर्यंत पोचावयास पुढे बराच काळ जावा लागला.

याच्या उलट बाजूचे उदाहरण सातारा जिल्ह्यात घडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सन १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास नेली. निरनिराळ्या जातींची मुले एका छताखाली राहून एका पंक्तीस जेवतील असे वसतिगृह चालविणे त्या काळी द्रव्यबळाहून धैर्याचे काम होते; परंतु द्रव्यही लागतच होते. भाऊरावांनी मुष्टिफंडाचा मार्ग धरला. घरातील गृहिणीने दळणकांडण करताना मूठभर धान्य बाजूस काढावे आणि ते संस्थेच्या मुलांसाठी द्यावे, अशी ही रीत. मूठभर धान्याची किंमत बाजारात नगण्य; पण जिने ती मूठ बाजूस काढली तिला वसतिगृहातील पोरगे जेवले की नाही हे विचारण्याचा अधिकार आपोआप प्राप्त झाला. मुष्टिफंडाचे खरे उत्पन्न हा अधिकार होय, असे आम्ही म्हणतो.

आणि याचा उपयोगही लवकरच दिसून आला. सन १९४८ मध्ये मुंबई सरकारचा संस्थेवर रोष होऊन तिचे अनुदान बंद पडले. पुढे गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली व ते पुन्हा सुरू झाले. पण मधल्या काळात जी संस्था केवळ अनुदानावर उभी असती ती कोसळलीच असती. रयतेच्या संस्थेची मुळे घराघरांत गेली होती, म्हणून ती तगली. एकाच हाताने भरविलेले मूल त्या हाताच्या लहरीवर वाढते. अनेक हातांनी भरविलेले मूल तसे नसते.

या विचारास पाश्चात्त्य देशांतही एक रूप मिळाले आहे. सन १९१४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी फ्रेडरिक गॉफ या गृहस्थांनी शहराचा म्हणून एक सामाईक निधी उभारला. धनिक लोक मृत्युपत्राने एखाद्या कामास पैसा लावून जात. काळ पालटून ते काम निरुपयोगी झाले तरी पैसा तेथेच अडकून राही. गॉफ यांनी असे सुचविले की, लहानमोठ्या दात्यांच्या रकमा एकत्र ठेवाव्या, मूळ द्रव्य सांभाळावे, आणि उत्पन्न कोठे द्यावे हे त्या त्या काळच्या गरजा पाहून शहरातील प्रतिष्ठित व लोकहिततत्पर मंडळींच्या समितीने ठरवावे. ही कल्पना पुढे अनेक देशांत पसरली. मुंबईतही १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीवर निघाला. आमच्या मते गॉफ यांची समिती आणि भाऊरावांची मूठ ही एकाच सत्याची दोन अंगे आहेत. एकीत विवेक आहे, दुसरीत जिव्हाळा आहे.

आता पुन्हा रबाळ्याकडे वळू. कंपनी कायदा २०१३ याच्या १३५ व्या कलमाने, ज्या कंपनीचे नक्त मूल्य पाचशे कोटी, किंवा उलाढाल एक हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यास खर्च करावे असे ठरले. १ एप्रिल २०१४ पासून हा नियम अमलात आला. यासच लोक सीएसआर फंड म्हणतात. कलमात असेही आहे की, कंपनीने आपल्या कामकाजाच्या स्थानिक परिसरास प्राधान्य द्यावे. दीडशे वर्षांनंतर ‘स्थानिक’ हा शब्द पुन्हा कायद्यात आला! परंतु ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने खुलासा केला की, हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नव्हे. म्हणजे कारखान्याचा धूर रबाळ्यात आणि त्याचे दोन टक्के अन्यत्र, असे घडले तरी कायद्यास हरकत नाही. शिवाय औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांस, वरील मर्यादेखाली असल्यामुळे, हे कलम मुळी लागूच होत नाही.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. २२ जानेवारी २०२१ पासून नियम असे झाले की, हा पैसा कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत घालता येत नाही. चालू प्रकल्पास आरंभीचे वर्ष सोडून अधिकांत अधिक तीन वर्षांची मुदत मिळते. या नियमांमागील हेतू आम्ही समजू शकतो. पैसा साठवून न ठेवता कामी लागावा हा तो हेतू. पण परिणाम असा की, ज्या वस्तूचे छायाचित्र घेता येते तीच सहज मिळते. बाके मिळतात, संगणक मिळतात, भिंतीस रंग मिळतो. मागे पडलेल्या मुलास रोज संध्याकाळी तासभर शिकविणाऱ्या शिक्षिकेचे वेतन पाच वर्षांसाठी कोणी पत्करीत नाही. दात्याची दृष्टी ताळेबंदाच्या वर्षावर, आणि मूल तर दहा वर्षे शिकावयाचे!

यातून मार्ग नाही काय? आहे, आणि तो आपल्या इतिहासातच आहे. रबाळ्यासारख्या ठिकाणी गावठाणातील जुनी कुटुंबे, वसाहतीतील रहिवासी, कामगार, लहान कारखानदार व दुकानदार यांनी मिळून परिसराचा एक निधी उभारावा. त्याची गंगाजळी लोकांच्या मुठीने भरावी, कारण कायदाच ती कंपनीच्या दोन टक्क्यांनी भरू देत नाही. मोठ्या कारखान्यांचे दोन टक्के या निधीमार्फत वर्षावर्षाच्या कामांस यावे. ते गेले तरी मूळ द्रव्याच्या उत्पन्नावर शिक्षिकेचे वेतन थांबू नये. कोणत्या शाळेस काय द्यावयाचे ते ठरविणाऱ्या समितीत दात्यांबरोबर मुख्याध्यापक, पालक आणि वस्तीतील स्त्रिया असाव्यात, आणि हिशेब मराठीत शाळेच्या फळ्यावर लागावा.

कोणी म्हणेल की, गरिबांपासून वर्गणी मागणे हे निष्ठुरपणाचे आहे. आम्हांस तसे वाटत नाही. रबाळ्याच्या परिसराने आपला वाटा आधीच दिला आहे. तो शेताच्या रूपाने दिला, खाडीच्या रूपाने दिला, मजुरीच्या रूपाने आजही देत आहे. त्याने टाकलेली नवी मूठ ही त्या जुन्या वाट्याची केवळ पावती ठरेल. आपण उपकृत नसून भागीदार आहो, ही जाणीव ज्या गावास झाली त्याच्या शाळेस पुढच्या वर्षीच्या अनुदानाची धास्ती बाळगावी लागत नाही. लोकल फंडात पैसा होता आणि लोक नव्हते. मुष्टिफंडात लोक होते आणि पैसा थोडा होता. दोन टक्क्यांच्या या काळात दोन्ही एकत्र आणण्याची संधी प्रथमच आली आहे. ती दवडल्यास जोतीरावांचे निवेदन आपणांस पुन्हा एकदा, नव्या आकड्यांनिशी, लिहावे लागेल.