जुन्या रिगचा नवा संसार

समुद्रातलं तेल म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? भलाथोरला प्लॅटफॉर्म, त्याचे समुद्रात रोवलेले लोखंडी पाय, वर हेलिकॉप्टर उतरायची जागा आणि एका टोकाला भडकलेली ज्वाला. पण गंमत अशी की ब्रिटनच्या वाट्याच्या उत्तर समुद्रातून पहिलं तेल निघालं ते अशा प्लॅटफॉर्मवरून नाहीच. ते निघालं एका वापरलेल्या, तरंगत्या रिगवरून. त्या क्षेत्राचं नाव अर्गाइल.

अर्गाइलचा शोध १९७१ सालचा. शोधणारी कंपनी हॅमिल्टन ब्रदर्स, म्हणजे अमेरिकेतल्या डेन्व्हरचे फ्रेडरिक आणि फेरिस हे दोघे भाऊ. जागा अ‍ॅबर्डीनपासून आग्नेयेला सुमारे ३०० किलोमीटर, पाणी साधारण ८० मीटर खोल. त्याच सुमारास बीपीला फोर्टीज हे प्रचंड क्षेत्र सापडलं होतं. तिथे चार प्लॅटफॉर्म आणि थेट स्कॉटलंडच्या किनाऱ्यापर्यंत पाइपलाइन असा थाट ठरला. अर्गाइलच्या पोटात तेवढं तेल नव्हतं. अशा क्षेत्राला तेलवाले ‘मार्जिनल’ म्हणतात. आपल्याकडे एखाद्याच्या वाट्याला माळावरचा कोरडवाहू तुकडा येतो ना, तसं. पेरलं तर पीक येईलही, पण बियाणा-खताचे पैसे सुटतील का, हा प्रश्न.

मग या मंडळींनी काय केलं? ट्रान्सवर्ल्ड ५८ नावाची विहिरी खोदणारी तरंगती रिग घेतली आणि तिच्यावर तेल वेगळं करायची यंत्रं बसवली. विहिरींची तोंडं वर आणलीच नाहीत. समुद्राच्या तळाशीच प्रत्येक विहिरीवर झडपांचा एक जुडगा बसवला. (याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. दिसायला झाडासारखा, म्हणून!) तिथून तळावर अंथरलेल्या नळ्या रिगच्या खाली यायच्या आणि ‘रायझर’ नावाच्या उभ्या नळीतून तेल वर चढायचं. वर गॅस आणि पाणी वेगळं काढायचं, आणि तेल पुन्हा खाली सोडून थोड्या अंतरावरच्या बोयाला बांधलेल्या टँकरमध्ये भरायचं. किनाऱ्यापर्यंत पाइपलाइन नाही, तळात रोवलेले पाय नाहीत. काम संपलं की नांगर उचलायचे आणि निघायचं.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेख पुढेच आहे. रिग तरंगती, म्हणजे लाटेबरोबर वरखाली होणार. विहीर मात्र जागची हलत नाही. या दोघींना जोडणारी नळी सतत ताणून धरावी लागे, आणि वादळ फार वाढलं की सोडवून घ्यावी लागे. शिवाय तेल साठवायला जागा नाही. म्हणजे टँकर बोयापासून दूर गेला की विहिरी बंद! प्लॅटफॉर्मचे पैसे वाचले खरे, पण त्याची किंमत अशी वाया गेलेल्या दिवसांत मोजावी लागली. आणि तळाशी काही बिघडलं तर पाणबुडे उतरवायचे. १९७०च्या दशकात उत्तर समुद्रात कितीतरी पाणबुडे जिवानिशी गेले. तेलाच्या हिशेबात तो आकडा सहसा धरत नाहीत.

इतकं असूनही डाव साधला. १९७३च्या तेलसंकटात बॅरलचा भाव जवळजवळ चौपट झाला होता, त्यामुळे १९७१ साली कठीण दिसणारं गणित सुटायला मदत झाली. जून १९७५ मध्ये अर्गाइलचं तेल सुरू झालं. १८ जूनला ऊर्जामंत्री टोनी बेन यांनी आयल ऑफ ग्रेनच्या रिफायनरीत पहिल्या टँकरचं स्वागत केलं. थोरला फोर्टीज त्यानंतर काही महिन्यांनी आला. धाकट्याने थोरल्याला मागे टाकलं!

पुढची १७ वर्षं अर्गाइल चाललं आणि ७ कोटी बॅरलच्या आसपास तेल देऊन १९९२ मध्ये बंद झालं. पण खरी विचार करायला लावणारी गोष्ट त्याच्या पुढची आहे. २००३ साली टस्कन एनर्जी या छोट्या कंपनीने तेच क्षेत्र ‘आर्डमोर’ या नावाने पुन्हा उघडलं. २००५ मध्ये कंपनीचंच दिवाळं वाजलं. मग एनक्वेस्टने ‘अल्मा’ असं तिसरं बारसं केलं, तेल साठवू शकणारं जहाज आणलं, २०१५ मध्ये तेल काढलं आणि २०२० मध्ये तेही थांबलं. तंत्र दरवेळी आधीपेक्षा सरस होतं, पण सोपं तेल पहिल्यांनी नेलेलं होतं, आणि २०१४ नंतर भावही कोसळला होता.

म्हणून मला वाटतं, ‘मार्जिनल’ हे त्या खडकावर कुठे कोरलेलं नसतं. भाव, खर्च आणि वाया जाणारे दिवस, या तिघांच्या भांडणात ते ठरतं. आज सोडून दिलेलं उद्या परवडतं, आणि आज परवडलेलं उद्या गळ्याशी येतं. सुरू कधी करायचं याइतकंच थांबायचं कधी, हेही शहाणपणाचं काम आहे. कारण विहिरी बुजवायचा खर्च शेवटी कुणाला तरी करावाच लागतो.

आणि हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर आपला सागर सम्राट आठवा. १९७४ मध्ये बॉम्बे हायची पहिली विहीर खोदणारी हीच ती रिग. तिला भंगारात न काढता ओएनजीसीने तिचं तेल-उत्पादन करणाऱ्या फलाटात रूपांतर केलं. काम बरीच वर्षं रेंगाळलं, पण डिसेंबर २०२२ मध्ये ती मुंबईच्या पश्चिमेला डब्ल्यूओ-१६ या क्षेत्रावर कामाला लागली. तेही मार्जिनल क्षेत्रच! खोदणाऱ्या जुन्या रिगला तेल काढायला बसवायचं, ही अर्गाइलचीच युक्ती. फरक एवढाच की ती रिग तरंगती होती आणि आपली पाय रोवून उभी राहणारी.

आपल्या घरांत जुन्या नऊवारीची गोधडी होते, तेव्हा त्याला कुणी अभियांत्रिकी म्हणत नाही. पण हिशेब तोच असतो, नाही का?