फोटोखालच्या चार ओळी

एखादा चित्रपट नष्ट होतो, तेव्हा मागे काय उरते? बहुतेक वेळा दोनच गोष्टी उरतात. काही फोटो, आणि तो चित्रपट पाहिलेल्या कुणी तरी लिहून ठेवलेल्या चार ओळी. या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या, तर हरवलेला चित्रपट थोडा तरी हाती लागतो. वेगळ्या राहिल्या, तर फोटो मुका होतो आणि ओळी आंधळ्या होतात. वऱ्हाडातल्या चित्रपटवेड्या मंडळींपुढे आज मला एवढेच मांडायचे आहे.

उदाहरण ‘सावकारी पाश’चे घेऊ. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली काढलेला हा मूकपट. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, कथा नारायण हरी आपटे यांची. कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो, ही त्याची गोष्ट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. पडद्यावर देवादिकांची आणि राजेरजवाड्यांची गर्दी असण्याचा तो काळ. त्या काळात सावकार, खत आणि जप्ती हा विषय घेणे धाडसाचे होते. वऱ्हाडच्या माणसाला तर ही कथा परकी वाटूच नये. आपल्या शेतातला कापूस ज्या गिरण्यांत जाई, तसल्याच गिरणीच्या दारात हा शेतकरी जाऊन उभा राहतो.

हा मूकपट आज पाहता येत नाही. त्याची प्रतच उरलेली नाही. पेंटरांनी १९३६ साली त्याच कथेवर बोलपट केला, पण ती वेगळी कृती. मूळ मूकपटाचे मोजके फोटो तेवढे पुस्तकांतून छापलेले दिसतात. आणि उरली आहे जे. बी. एच. वाडिया यांची एक आठवण. वाडिया म्हणजे मारधाडीचे चित्रपट काढणाऱ्या ‘वाडिया मूव्हीटोन’चे संस्थापक. मूकपट त्यांना पुसटसाच आठवे; लक्षात राहिले ते नंतरच्या बोलपटातले एक दृश्य. अंधुक उजेडातली उदास झोपडी आणि तिथे विव्हळणारे कुत्रे.    ‘छायाचित्रण अप्रतिम होते’ असे त्यांनी म्हटले असते, तर आज आपल्या हाती काहीच लागले नसते. त्यांनी झोपडी, अंधार आणि कुत्रे सांगितले. म्हणून ते दृश्य तुमच्या-माझ्यापर्यंत पोचले.

अशी गत एकाच चित्रपटाची नाही. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण-अपूर्ण मिळून जेमतेम तीसेक शिल्लक असावेत, असा जाणकारांचा हिशेब आहे. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. त्याचीही प्रत नाही. आहेत ते फोटो आणि जाहिराती. जुनी फिल्म नायट्रेटची असे आणि ती चटकन पेट घेई. तिच्यातली चांदी काढण्यासाठी कितीतरी रिळे विकली गेली. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळांबरोबर फोटो, पोस्टर, गाण्यांच्या पुस्तिकाही गोळा केल्या. तोवर पुष्कळ काही गेले होते. पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटवरच्या शेकडो चित्रपटांची रिळे जळाली. कागदाचे महत्त्व अशा वेळी कळते.

आता हा फोटो म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ. चित्रपटाच्या फिल्मवर एका सेकंदाला २४ चौकटी धावतात. दोन तासांच्या चित्रपटात १ लाख ७२ हजार ८०० चौकटी होतात. आपण पाहिलेला फोटो त्यांतलाच एक असेल, असे आपल्याला वाटते. बहुधा तो नसतो. सेटवर स्थिर छायाचित्रकार वेगळा असे. दृश्य चित्रित झाले, की नट-नट्यांना पुन्हा त्याच जागी उभे करून तो आपल्या कॅमेऱ्याने फोटो घेई. मुंबईत दामोदर कामत यांनी १९४५ साली ‘कामत फोटो फ्लॅश’ सुरू केले आणि हिंदी चित्रपटांच्या सेटवरचे असंख्य फोटो काढले. बंगालमध्ये निमाई घोष यांनी सत्यजित राय यांच्या कामाचे असेच दर्शन आपल्यासाठी टिपून ठेवले. म्हणजे हा फोटो चित्रपटाचा तुकडा नाही, त्याचा शेजारी आहे. ‘फोटोतला सीन पिच्चरमध्ये हायेच नाही’ ही आपल्याकडच्या प्रेक्षकाची जुनी तक्रार याच कारणाने अगदी रास्त होती.

आणि आपल्याकडे हे फोटो होतेही भरपूर. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, पण चित्रपटांच्या धंद्यात ‘सीपी-बेरार’ हे नाव टिकून राहिले. या मुलुखातल्या वितरणाचे अमरावती हे एक मोठे ठाणे. वितरकांच्या कार्यालयांतून रिळांच्या पेट्या गावोगावच्या टॉकीजकडे निघत, आणि त्यांच्याबरोबर पोस्टर व फोटोंचे संचही जात. अमरावतीचे राजकमल चौक, चित्रा चौक, प्रभात चौक ही नावे थिएटरांवरूनच पडली. अकोल्यात पत्ता सांगताना आजही माणेक टॉकीज, वसंत टॉकीज तोंडी येते. त्या टॉकीजांच्या दाराशी काचेच्या चौकटीत फोटो लावलेले असत. खिशात तिकिटाचे पैसे नसलेला पोरगाही ते फोटो पाहून अर्धा चित्रपट मनाशी जुळवत असे.

फोटोला शब्दांची जोडही तेव्हापासूनची. फोटोंसह माहितीपुस्तिका काढण्याचा मान पुन्हा बाबूराव पेंटरांकडेच जातो. बोलपट आले, तशा पुस्तिकेत गाणी आली, कथेचा सारांश आला. पण सारांश शेवट सांगत नसे. ‘पुढे काय होते ते रुपेरी पडद्यावर पाहा’ अशा थाटात तो संपे. ती जाहिरात होती, समीक्षा नव्हे. फोटोखाली समीक्षा आणली ती बाबूराव पटेल यांनी. पालघरजवळच्या मासवणचा हा माणूस. त्याने १९३५ साली मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले. निर्माता कौतुकासाठी फोटो धाडी आणि पटेल त्याखाली एखादी ओळ अशी लिहीत, की निर्मात्याला घाम फुटावा. त्यांचा तिखटपणा पुष्कळदा मर्यादा सोडी, हे खरे. पण जाहिरातीसाठी काढलेल्या फोटोकडे वाचकाने शंकेने पाहावे, ही सवय त्यांनी लावली.

मुंबईच्या समीक्षकाला दिसत नाही, ते आपल्याला दिसू शकते, याचेही एक उदाहरण देतो. ‘देवकीनंदन गोपाला’ हा गाडगेबाबांवरचा चित्रपट १९७७ सालचा. दिग्दर्शक राजदत्त, जन्म धामणगावचा, म्हणजे अमरावती जिल्ह्यातलाच. बाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. गाडगेबाबा याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला आणि समाधी अमरावतीत आहे. चित्रपट आला तेव्हा बाबांना जाऊन जेमतेम २१ वर्षे झाली होती. त्यांचे कीर्तन समोर बसून ऐकलेली, त्यांच्या खराट्यामागे आपला खराटा चालवलेली माणसे गावागावांत हयात होती. लागूंच्या फोटोकडे पाहताना खराटा कसा धरला आहे, अंगावरच्या चिंध्या ठिगळांच्या आहेत की शिंप्याने बेतलेल्या, हे ती माणसे एका नजरेत सांगू शकली असती. ते कुणी फोटोखाली लिहून घेतले असते, तर ती मोलाची समीक्षा झाली असती. त्यांतली बहुतेक माणसे आता नाहीत.

म्हणून मी एक वही सुरू केली आहे. डाव्या पानावर फोटो, उजव्या पानावर मजकूर. फोटो बहुतेक रद्दीतून मिळालेले. वितरणाची जुनी कार्यालये आवरली, टॉकीज पडल्या, तसे हे कागद किलोच्या भावाने जातात. मजकुरात आधी कोरडी माहिती लिहितो. चित्रपटाचे नाव, साल, दिग्दर्शक, फोटोत कोण आहे, फोटो कुठे मिळाला. तो सेटवर काढलेला आहे की चित्रपटातलीच चौकट, हेही नोंदवतो. मग समीक्षा, शंभर शब्दांच्या आत. अट एकच. फोटोत दिसते त्यापासून सुरुवात करायची. उजेड कुठून येतो, कोण उभे, कोण बसलेले, हातात काय आहे. ‘अभिनय कसदार’, ‘दिग्दर्शन सफाईदार’ हे शब्द वर्ज्य. वाडियांची झोपडी माझ्या डोळ्यांपुढे असते.

ही वही कुणालाही करता येईल. आज मोबाइलवर चित्रपट थांबवून हवी ती चौकट टिपता येते. फोटोंना आता तोटा नाही, पण नावगाव नसलेले फोटोच जास्त फिरतात. कायद्याचीही फार धास्ती नको. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे ५२वे कलम समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा देते. मात्र फोटो कुणाचा, हे लिहिण्याची सचोटी आपली आपण पाळायची.

आणि वही नाही जमली, तर एक काम जरूर करा. घरातल्या ट्रंकेत, माळ्यावर, वडीलधाऱ्यांच्या पोथ्यांत एखादी गाण्याची पुस्तिका, एखादा टॉकीजचा फोटो सापडेल. तो रद्दीत देऊ नका. ज्यांनी तो चित्रपट पाहिला, ते आजी-आजोबा घरात असतील, तर फोटो त्यांच्या हाती द्या आणि विचारा, यात काय चाललंय? ते सांगतील ते मऊ पेन्सिलीने मागच्या बाजूला लिहा. शाईने नको, ती पलीकडे उमटते. चार ओळी पुरतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)