घुमट, हिरवळ आणि नागमोडी भिंती

थॉमस जेफरसन हा अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष. पण माँटिसेलो येथील त्याच्या समाधीवर या पदाचा उल्लेख नाही. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्य कायद्याचा कर्ता आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक, एवढेच कोरावे असे तो लिहून ठेवून गेला. सत्तापद विसरून विद्यापीठ लक्षात ठेवणारा माणूस कोणत्याही शिक्षकाला आवडेल. इतिहास शिकवता शिकवता मीही त्याच्या त्या गावाच्या, शार्लट्सव्हिलच्या, नादी लागलो.

गाव १७६२ सालचे, तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिच्या नावाने वसलेले. ज्या राजाविरुद्ध जेफरसनने जाहीरनामा लिहिला, त्याच्या राणीचे नाव गावाने पुढेही टाकले नाही. (आपल्याकडे नामांतराची हौस दांडगी, म्हणून सांगितले.)

६ ऑक्टोबर १८१७ रोजी पहिल्या इमारतीची कोनशिला बसली. १८१९ मध्ये सनद मिळाली आणि १८२५ च्या मार्चमध्ये वर्ग भरू लागले. मधल्या काळात सत्तरी ओलांडलेल्या जेफरसनला पैशासाठी विधिमंडळाकडे वारंवार हात पसरावे लागले. इमारतनिधीसाठी खेटे घातलेल्या मुख्याध्यापकांना हे वाचून जरा बरे वाटेल!

त्याला एक मोठी इमारत नको होती, विद्येचे खेडे हवे होते. मध्ये लांबट हिरवळ. तिच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच दुमजली घरे. खाली वर्ग, वर प्राध्यापकाचे बिऱ्हाड. घरांच्या मधून विद्यार्थ्यांच्या ५४ खोल्या आणि सगळ्यांना जोडणारी खांबांची लांब ओसरी. आपल्या वाड्यात ओसरीवर जसे घर एकत्र येते, तसे येथे गुरू आणि शिष्य ओसरीवर भेटावेत. दहाही घरांची दर्शने मुद्दाम निराळी, म्हणजे वास्तुशास्त्र शिकायला दूर जायला नको. हिरवळीच्या माथ्यावर रोटुंडा: रोमच्या पॅन्थिऑनचा निम्म्या मापाचा नमुना, रुंदी आणि उंची दोन्ही ७७ फूट. अशा मोक्याच्या जागी त्या काळी प्रार्थनामंदिर असायचे. जेफरसनने घुमटाखाली ग्रंथालय ठेवले!

आणि घरांमागच्या बागांच्या त्या नागमोडी भिंती. जाडी एका विटेची. सरळ बांधली तर अशी भिंत वाऱ्याने कोलमडेल. वळणांमुळेच ती तोल धरते. विटा वाचतात आणि डोळ्यांनाही सुख होते. मात्र पूर्वी या भिंती आजच्यापेक्षा उंच होत्या, आणि त्यांच्या आड स्वयंपाकघरे, धुणीभांडी, लाकूडफाटा आणि ही कामे करणारे गुलाम असत. हिरवळीवरून ते सहसा दिसू नयेत, अशीच रचना होती.

माती खणणे, विटा थापणे, भाजणे, दगड वाहणे यांतले बरेचसे काम गुलामांच्या हातांनी झाले. १८१७ ते १८६५ या काळात सुमारे चार हजार गुलाम येथे राबले असावेत, असा अंदाज आहे. सर्व माणसे समान आहेत असे लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. ४ जुलै १८२६ रोजी तो वारला. कर्ज एवढे होते की पुढच्या जानेवारीत माँटिसेलोवरच्या सुमारे १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती गुलामांना मुक्त केल्याबद्दल. त्या मुक्तीआधी काय होते, ते या विटांना विचारावे.

१८९५ च्या ऑक्टोबरमध्ये रोटुंडा जळाला. स्टॅनफर्ड व्हाइटने तो पुन्हा उभारला खरा, पण आतला एक मजला काढून. माझ्या मते ते दिमाखदार असले तरी जेफरसनचे नव्हते. १९७६ पर्यंत आतील रचना पुन्हा मूळ आराखड्याप्रमाणे झाली. १९८७ मध्ये युनेस्कोने माँटिसेलोसह हे विद्यापीठ जागतिक वारशात घेतले.

११ ऑगस्ट २०१७ च्या रात्री गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचे नारे देत मशालींचा जमाव याच हिरवळीवरून रोटुंडापाशी आला. दुसऱ्या दिवशी गावात, निषेध करणाऱ्यांच्या गर्दीत मोटार घालण्यात आली आणि एक तरुणी मरण पावली.

गुलामांचे स्मारक २०२० मध्ये पूर्ण झाले. रोटुंडापासून जवळच ग्रॅनाइटचे मोठे वर्तुळ आहे. त्यावर चार हजार खुणा आहेत. थोड्यांपाशी नावे आहेत. काहींपाशी नुसता धंदा किंवा नाते कोरले आहे. बाकीच्या खुणा दगडातल्या आडव्या खाचा आहेत, नाव सापडले तर कोरायला वर जागा ठेवलेल्या.