समुद्राची वाट आणि गावकीचा बांध

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे परिचित असलेले गाव. येथील माणसाला घोर पडतो तो अवर्षणाचा. समुद्राच्या पाण्याचा नव्हे. तरीही या मातीचे समुद्राशी जुने नाते आहे. येथले पावसाचे पाणी सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. या प्रवासात वाहत गेलेल्या गाळावरच कृष्णेच्या मुखाजवळची खाजणे व कांदळवने पोसली गेली. आज त्या गाळाचा मोठा भाग वरच्या धरणांतच अडून राहतो. माळावरचा माणूस आणि किनाऱ्यावरचा माणूस असे एका सूत्रात बांधलेले आहेत. म्हणूनच खाजणांचा प्रश्न केवळ किनाऱ्यावरील धर्मग्रामांचा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

खाजण म्हणजे भरतीला बुडणारी व ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जमीन. तिवरांच्या मुळांत लाटेचा जोर मोडतो, गाळ साचतो आणि जमीन हळूहळू उंचावते. पुरेसा गाळ मिळाला, तर चढत्या समुद्राबरोबर खाजणही चढते. दगडी भिंतीला हे साधत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली. पुढे हा वेग वाढून २००६ नंतरच्या तपात तो वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर झाला. अशा वेळी खाजणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

आपल्या पूर्वजांना हे मोल ठाऊक होते. गोव्यात मांडवी, जुवारी आदी नद्यांच्या काठी सुमारे १८,००० हेक्टर खाजण जमीन आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराच्या ताम्रपटांतही खाजणाचा उल्लेख सापडतो. चिखल, पेंढा व जांभा दगड यांचे बांध घालून गावकऱ्यांनी खारे पाणी थोपवले आणि आत कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पिकवले. बांधाला 'मानस' नावाची लाकडी दारे ठेवली. भरती चढू लागली की तिच्याच दाबाने दार मिटते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडते. बांधाबाहेर मात्र तिवरे राखली जात. समुद्राकडून जमीन घेताना समुद्राची वाटही त्यांनी सोडली होती.

या व्यवस्थेचा प्राण लाकडी दारांत नव्हता. तो गावकीत होता. बांधाची डागडुजी ही एकट्यादुकट्याची बाब नव्हती. मानसीवरच्या मासेमारीचा लिलाव होई आणि ते उत्पन्न सामाईक कामी येई. पोर्तुगीज राजवट आल्यावर १५२६ साली अफोन्सू मेशिया याने गावकऱ्यांच्या या चालीरीती लेखी नोंदवल्या. राजसत्ता बदलली, पुढे अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी बांधाची जबाबदारी टळली नाही. भरती कोणाचाही धर्म विचारीत नाही.

१९६१ नंतर काळ पालटला. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला. परंतु जुन्या गावकीने वाहिलेला बांधाचा भार नव्या कूळसंघांना अनेक ठिकाणी पेलला नाही. बांध फुटले, खारे पाणी आत शिरले, शेते पडीक झाली आणि त्यांत तिवरे उगवली. निसर्गाच्या दृष्टीने हे पुनरुज्जीवन म्हणावे, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने ते उपजीविकेचे दफन होय. या दोन्ही सत्यांकडे डोळेझाक करून चालणार नाही.

मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर याउलट घडले. तेथे खाजणांवर भराव पडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पाण्याला जावयास वाट उरली नव्हती. जुलै २०१८ मध्ये वसईनेही तोच अनुभव घेतला. २००५ व २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांना संरक्षण दिले, २०१२ साली राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१३ च्या वन अहवालात महाराष्ट्रात १८६ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदले होते. २०२१ च्या अहवालात हा आकडा ३२४ झाला. मात्र २०२४ मध्ये मुंबईतील सुमारे २५५ एकर मिठागरांची जमीन घरबांधणीसाठी देण्याचा निर्णय झाला.

अमेरिकेत याच सुमाराच्या इतिहासाने दुसरी दिशा घेतली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठची सुमारे ६,१०० हेक्टर मिठागरे २००३ मध्ये मोबदला देऊन विकत घेण्यात आली आणि त्यांतील आगरे टप्प्याटप्प्याने पुन्हा भरतीला खुली केली जात आहेत. इंग्लंडमध्ये एसेक्सच्या ॲबट्स हॉल येथे २००२ साली समुद्राची भिंत पाच ठिकाणी मुद्दाम तोडून शेतजमीन भरतीच्या स्वाधीन करण्यात आली. समुद्राला वाट द्यावयाची असेल, तर ती कोणाच्या शेतातून जाते हे आधी विचारावे लागते आणि त्याची भरपाई सर्वांनी मिळून करावी लागते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीला सामाईक घर म्हटले. आपल्या गावकऱ्यांनी ती शिकवण चिखलात उभे राहून आचरली होती. कायदा तिवर तोडणाऱ्याचा हात धरू शकेल. बांधावर पहारा ठेवणारी गावकी मात्र आपणांसच पुन्हा उभारावी लागेल. ईयोबच्या ग्रंथात परमेश्वर समुद्राला मर्यादा घालून देतो. माणसालाही मर्यादा आहे, याचे स्मरण आपल्या धर्मग्रामांत जागे राहो, एवढीच आमची प्रार्थना.