बत्तीस अक्षरांची खिडकी

भाऊबीज उलटली, धान कापून झालं, की वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या रस्त्यांवर धावायला लागतात. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. गावात मंडई किंवा शंकरपट असला की रात्री नाटक असतंच, आणि रात्री दहाच्या आसपास सुरू झालेलं नाटक संपतं ते पहाटे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टी रंगभूमीचं नाव पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांतही झळकलं. त्या बातम्यांत नट होते, विनोद होता, प्रेक्षकांची गर्दी होती. मंचासमोर बसणारे वादक मात्र बहुतेक ठिकाणी राहून गेले. झाडीपट्टीच्या जाहिरातीत तसं होत नाही. तिथे नटांच्या खाली ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड असे शब्द आणि त्यांच्यापुढे वादकांची नावं छापलेली असतात.

यातल्या ‘ऑर्गन’ या शब्दालाच इतिहास आहे. संगीत नाटकांच्या काळात ऑर्गन म्हणजे पायाने भाता हलवून वाजवायचं वाद्य. ते वाद्य गेलं, त्याच्या जागी विजेवरचा कीबोर्ड आला, पण नाव तेच राहिलं. जुन्या ऑर्गनवर खुंट्या असत. खुंटी बाहेर ओढलेली दिसली की कोणता स्वरसंच चालू आहे ते कळे, आणि अंधारात हात लावूनही कळे. नव्या ऑर्गनवर त्या खुंट्यांच्या जागी एक काचेची खिडकी आली. मला लिहायचं आहे ते या खिडकीबद्दल, कारण ती जिथल्यासाठी घडवली गेली आणि जिथे वापरली गेली, त्या दोन जागांमध्ये फार अंतर आहे. त्या अंतराची किंमत वादकाने मोजली.

खिडकी लागली कशाला? १९७०च्या मिनीमूगसारख्या सिंथेसायझरवर तिची गरज नव्हती. प्रत्येक गोष्टीला एक बटण होतं, आणि बटण जिथे असेल तसा आवाज निघे. १९७८ साली आलेल्या प्रॉफेट-५ने चाळीस आवाज स्मरणात ठेवायची सोय केली आणि हे नातं तुटलं. स्मरणातला आवाज बोलावला की बटण एक सांगे आणि वाद्य दुसरंच वाजवी. मग आत काय चाललं आहे ते सांगायला काहीतरी हवं झालं. आधी लाल दिव्यांचे अंक आले, नंतर अक्षरं.

अक्षरांची खिडकी घराघरांत नेली ती १९८३च्या यामाहा डीएक्स७ने. या वाद्याने बटणं जवळपास हद्दपार केली. शंभराहून अधिक गोष्टी बदलता येत, पण त्या एकामागून एक, एकाच सरकपट्टीने, आणि समोर दोन ओळींत सोळा-सोळा अशी बत्तीस अक्षरं. त्या खिडकीमागे दिवा नव्हता. खोलीतला उजेड पडेल तेवढंच दिसे. जगभरच्या वादकांनी त्याबद्दल कुरकूर केली आणि पुढच्या पिढीच्या वाद्यांत मागून उजेड आला. पण वाद्य पडद्यातून चालवायचं ही रीत तोवर पक्की झाली होती.

या पडद्याचं विज्ञान समजून घेतलं की त्याचे दोष अपघाती वाटत नाहीत. १९६८ साली अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने द्रव-स्फटिकांचा पडदा जाहीर केला. १९७० साली बाझेलमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फरिख यांनी त्याची जी रीत शोधली, ती पुढे घड्याळांत, कॅल्क्युलेटरांत आणि वाद्यांत गेली. दोन काचांमध्ये द्रवाचा पातळ थर, काचांच्या बाहेर प्रकाश गाळणाऱ्या दोन पट्ट्या. वीज दिली की द्रवातले रेणू वळतात आणि त्या ठिकाणी प्रकाश अडतो. हा पडदा स्वतः उजळत नाही, तो उजेड फक्त अडवतो. रेणू तिरपे उभे राहत असल्याने एका बाजूने अक्षर ठळक दिसतं आणि दुसऱ्या बाजूने पुसट किंवा उलटं. म्हणून पडदा घडवतानाच ठरवावं लागतं, की बघणाऱ्याचा डोळा कुठे असेल.

तो डोळा कारखान्याने कुठे धरला असेल? स्टँडवर ठेवलेल्या वाद्यामागे, खुर्चीवर बसलेल्या किंवा उभ्या माणसाचा, बऱ्यापैकी उजेडाच्या खोलीत. मंचासमोर मांडी घालून, नाहीतर बुटक्या बाकड्यावर बसून वाजवणाऱ्याचा डोळा पडद्याच्या जवळपास पातळीत येतो. वरून मंचावरच्या दिव्यांचा झोत काचेवर पडतो, आणि लावणीच्या वेळी तो झोत रंगही बदलतो. शिवाय वादकाला पडद्याकडे बघायला सवड नसते. त्याचं लक्ष नटाच्या तोंडाकडे असतं, कारण पद कधी सुरू होणार हे संवाद ठरवतो, आणि झाडीपट्टीत टाळी आली की संवाद लांबतो.

त्यात हवा. चंद्रपूरचा मे महिना देशात सर्वांत तापलेल्या जागांमध्ये मोजला जातो, पारा ४५च्या पुढे जाणं तिथे नवलाचं नाही. नाटकाचा हंगाम मात्र थंडीतला, आणि जंगलपट्ट्यात पहाटे चांगलाच गारठा पडतो. द्रव-स्फटिक तापले की अक्षरांच्या मागचे चौकोनही काळे होऊ लागतात, आणि गार पडले की अक्षरं फिकी नि मंद होतात. रात्री दहाला नीट लावलेली गडद-फिकी पहाटे चारला तशी राहत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली पडून राहिलेल्या वाद्यात प्रकाश गाळणाऱ्या पट्ट्या पिवळट पडतात, त्यांचा डिंक सुटतो. काच आणि सर्किट यांना जोडणारी बारीक रबरी पट्टी खडबडीत रस्त्यांवरच्या धक्क्यांनी आणि धुळीने सैल होते आणि अक्षरांमधल्या उभ्या-आडव्या रेघा गळतात. मग ८ आणि ३ सारखेच दिसायला लागतात.

मागच्या उजेडाचीही एक गोम होती. त्या काळच्या अनेक वाद्यांत झिंक सल्फाइड लावलेला पातळ कागदासारखा पत्रा असे. तो शंभरेक व्होल्टच्या उलटसुलट विजेवर उजळे, बारीक शिट्टीसारखा आवाज करी, आणि काही हजार तासांत त्याचं तेज निम्मं होई. दमट हवेत आणखी लवकर. म्हणजे जुनं वाद्य हाती आलं की त्याचा आवाज शाबूत आणि खिडकी काळोखी, हे ठरलेलंच. आणि झाडीपट्टीसारख्या ठिकाणी महागडं वाद्य पुष्कळदा जुनंच हाती येतं.

ऑक्टोपॅडचा इतिहास याला पुरावा म्हणून जोडता येतो. रोलंडचं पहिलं ऑक्टोपॅड १९८५चं. १९९८च्या एसपीडी-२०वर लाल अंक होते. ते स्वतः उजळतात, त्यामुळे काळोखात कुठूनही दिसतात. त्यांना सांगता फार थोडं येतं, पण वादकाला गाण्याच्या मध्ये लागतो तो फक्त एक आकडा. २०१० साली एसपीडी-३०वर मोठा द्रव-स्फटिकी पडदा आला. त्यावर माहिती भरपूर होती. तरी जुनं एसपीडी-२० भारतातल्या मंचांवरून लगेच गेलं नाही. त्याच्या आवाजांची सवय हे मोठं कारण खरंच, पण तो लाल आकडाही त्यात धरावा असं मला वाटतं.

आता भाषा. त्या काळच्या अक्षरी पडद्यांच्या मागे असे ती हिताचीची एचडी४४७८० नावाची चिप, किंवा तिची भावंडं. एका अक्षराला पाच बाय आठ ठिपके. तिच्या पोटात रोमन अक्षरं होती आणि जपानी काताकाना होती. वापरणाऱ्याला स्वतःची अक्षरं घालायला जागा होती आठ. पाच ठिपक्यांच्या रुंदीत ‘क्ष’ बसवून बघा, वर वेलांटी आणि खाली उकार द्या, म्हणजे अडचण कळेल. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाली, १९९१ साली भारतीय लिप्यांचं संगणकीय मानक ठरलं, सरकारी कचेऱ्यांत देवनागरी पडद्यावर उमटू लागली. वाद्यांपर्यंत ती पोचली नाही. पुढे यामाहाने पीएसआर-आय४२५सारखे खास भारतासाठीचे कीबोर्ड काढले, त्यांत तबला आला, तानपुरा आला, पण खिडकी इंग्रजीतच बोलत राहिली. याउलट बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली केलेल्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला पडद्याची गरजच पडली नाही. कान लावायचा आणि बटण फिरवायचं, एवढ्यावर काम भागे.

झाडीपट्टीच्या वादकांनी या सगळ्यावर जो तोडगा काढला तो मला या इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. मी पाहिलेल्या वाद्यांवर आवाजांची नावं कुणी वाचत नव्हतं, आकडे पाठ होते. कळींच्या वर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे, त्यांवर बॉलपेनने देवनागरीत ‘बासरी’, ‘सनई’, ‘रडणं’, ‘व्हिलन’. शेवटचे दोन शब्द कोणत्याही कारखान्याच्या यादीत सापडणार नाहीत. तिथे आवाजाचं नाव वाद्यावरून पडतं, इथे ते प्रसंगावरून पडलं. झाडीपट्टीच्या नाट्यसंगीताचं व्याकरण कुणाला लिहायचं असेल, तर त्याची पहिली पानं या चिकटपट्ट्यांवर आहेत.

आणि ती पानं टिकत नाहीत. खिडकी पूर्ण गेली, सुटा भाग मिळाला नाही, की वाद्य कोपऱ्यात जातं किंवा भंगारात. त्याच्या स्मरणात वादकाने वर्षानुवर्षं जुळवून ठेवलेले आवाज असतात. आतली बॅटरी संपली की पुष्कळदा तेही पुसले जातात. नाटकाची संहिता उरते, फोटो उरतात, मोबाइलवर कुणीतरी घेतलेलं चित्रण उरतं. पण त्या प्रवेशाला तो आवाज का निवडला, त्याचा आकडा काय होता, त्याच्यात काय मिसळलं होतं, हे त्या वाद्याबरोबर जातं. संगीत नाटकांच्या ऑर्गनच्या खुंट्या आज संग्रहालयात बघता येतात. १९९० नंतरच्या झाडीपट्टीच्या ऑर्गनची तशी एकही जागा मला माहीत नाही.

हे काम फार खर्चाचं नाही. पडदा गेलेलं वाद्य भंगारात घालण्याआधी पुढच्या बाजूचा एक फोटो, चिकटपट्ट्यांसकट. आकड्यांची वही असेल तर तिचा एक. आणि वादक समोर बसलेला असताना, प्रत्येक आकडा कोणत्या नाटकात कुठे लागायचा, हे विचारून घेतलेलं अर्ध्या तासाचं ध्वनिमुद्रण. हंगाम संपल्यावर, होळीनंतरच्या दिवसांत, वडशात हे वादक भेटतात आणि त्यांना सवडही असते.